चिंगीची पुण्यातली फाइल

तुम्ही विचारलंय: मार्चमध्ये नाशिकहून मँचेस्टरला जायचंय, सोबत सहा वर्षांचा मुलगा आणि साडेसहा वर्षांची देशी कुत्री आहे, तर तिकडे कुत्र्याचा विमा कोणत्या कंपनीचा घ्यावा, क्लेम खरंच देतात का, आणि फोनवर माणसं नीट बोलतात का. प्रश्न तीन ओळींचा आहे आणि मी दोन रात्री उत्तर लिहितेय. आमची कुत्री चिंगी गेल्या ऑक्टोबरमध्ये गेली. तिची फाइल अजून कपाटात तशीच आहे.

मायक्रोचिप, रेबीजची लस, रक्ताची टायटर चाचणी (लस लागू पडली का ते बघणारी), नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबणं, तिकडे पोचण्याआधीच्या एक ते पाच दिवसांत जंताचं औषध, हीथ्रोला कार्गोने उतरणं, हे सगळं ब्रिटनच्या सरकारी साइटवर नीट लिहिलेलं आहे. ते तिथूनच वाचा. नियम बदलतात, माझी माहिती २०१८ ची.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. ज्या कंपनीने मला सात आठवडे रडवलं, तिच्याच एका बाईने शेवटी माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणून नावाऐवजी काय तपासायचं ते सांगते.

पहिली गोष्ट पॉलिसीचा प्रकार. इथे ब्रिटनमध्ये चार प्रकार मिळतात. फक्त अपघाताची. बारा महिन्यांची, म्हणजे एखादा आजार सुरू झाला की वर्षभर खर्च देणार आणि मग तो आजार कायमचा वगळणार. तिसरी, प्रत्येक आजाराला एक ठरावीक रक्कम, ती संपली की संपली. आणि चौथी लाइफटाइम, जिच्यात दर वर्षी नूतनीकरण केलं की खर्चाची मर्यादा पुन्हा नव्याने मिळते. हप्ता बघून बारा महिन्यांच्या पॉलिसीवर बोट ठेवाल, पण ठेवू नका. त्वचेची अ‍ॅलर्जी, थायरॉइड, मधुमेह हे आजार वर्षात मिटत नाहीत. आणि पुढे कंपनी बदलायला गेलात तर तोवर झालेलं सगळं नव्या कंपनीसाठी ‘आधीपासूनचं’ होतं. त्यामुळे पहिली निवडच बहुधा शेवटची ठरते. शिवाय बऱ्याच कंपन्या आठ वर्षांपुढच्या कुत्र्याला नवी पॉलिसी द्यायला खळखळ करतात. तुमची साडेसहाची आहे, कागदपत्रांत ती सात ओलांडेल. उशीर करू नका.

हप्ता वाढतो, हे गृहीत धरा. आमचा पहिल्या वर्षी महिना ३८ पौंड होता, शेवटच्या वर्षी ९६. वयाबरोबर आणखी एक कलम जागं होतं: कुत्रं अमुक वयाचं झालं की प्रत्येक क्लेममधले दहा-वीस टक्के तुमच्या खिशातून, आणि ठरलेला एक्सेस, म्हणजे क्लेममधली आपण स्वतः भरायची ठरावीक रक्कम, त्याच्यावर वेगळा. आमच्या पॉलिसीत हे वय नऊ होतं. मी ते चिंगी दहाची झाल्यावर वाचलं.

जातीच्या रकान्यात आपली देशी कुत्री नसते. मी यादी तीनदा वरखाली केली. फोनवरच्या मुलाने मिश्र जात, मध्यम आकार असं लिहायला सांगितलं. जन्मतारीख विचारली तर काय सांगणार? पुण्यात सहकारनगरात एका बांधकामावर वाळूच्या ढिगात सापडलेलं पिल्लू ते. डॉक्टरांनी दात बघून अंदाज सांगितला होता, तोच दिला, आणि तो अंदाज आहे हे ईमेलने कळवलं. तुम्हीही ईमेलनेच कळवा. फोनवर सांगितलेलं नंतर कुणाला सापडत नाही.

आता फाइलचं. आम्ही ऑगस्ट २०१८ मध्ये लीड्सला आलो. चिंगीच्या रक्ताचा नमुना उशिरा गेला, म्हणून ती चार महिने पुण्यात माझ्या बाबांकडे राहिली. बाबा रोज सकाळी तिला तळजाईच्या टेकडीवर न्यायचे. पुण्यात जनावराची फाइल आपल्याच घरी असते, डॉक्टर फक्त चिठ्ठीवर लिहून देतात. आमच्या फाइलमध्ये चिठ्ठ्यांबरोबर बाबांची एक वही होती. २०१६ मध्ये चिंगीला गोचिडांचा ताप आला होता, म्हणजे आपण टिक फीवर म्हणतो तो. प्लेटलेट्स ३८,००० वर आल्या होत्या. बाबांनी रोजचा ताप, डॉक्सीची (अँटिबायोटिकची) गोळी किती वाजता दिली, किती खाल्लं, सगळं लिहिलं होतं. अठ्ठावीस दिवस. शेवटच्या पानावर प्लेटलेट्स २ लाख ४० हजार, आणि खाली: ‘आज भाकरी खाल्ली.’

विमा घेताना नवरा म्हणाला, ही वही देऊ नकोस, इथे कुणाला कळणार आहे? मी एक रात्र विचार केला. इथल्या २०१२ च्या कायद्याप्रमाणे कंपनीने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं काळजीपूर्वक आणि खरी देणं हे ग्राहकाचं काम आहे. पण खरं सांगायचं तर मी कायद्यासाठी दिली नाही. बाबांच्या हातचं लपवायचं हे मला सहन झालं नाही. मी सगळी पानं इंग्रजीत करून पाठवली.

आणि दुसरी एक चूक केली. इथल्या व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरांकडे, पहिल्यांदा गेले तेव्हा पुण्यात गप्पा मारतो तशा मारल्या. सहज म्हणाले, थंडीत मागचा डावा पाय जरा धरते. तिथल्या मुलीने ते टाइप केलं. दोन वर्षांनी गुडघ्याचा त्रास झाला, क्लेम टाकला, तर कंपनीने दवाखान्याकडून सगळी नोंद मागवली आणि त्या एका वाक्यावर बोट ठेवलं. गुडघा आधीपासूनचा. आणि पॉलिसीत दोन्ही बाजूंचा अवयव एकच धरतात, म्हणून उजवा गुडघाही विम्यातून वगळला गेला. तुम्ही खोटं बोला असं मी म्हणत नाही. पण इथे दवाखान्यात बोललेलं प्रत्येक वाक्य कायम राहतं. जे नक्की आहे तेच सांगा, आणि काय लिहिलं ते मागून बघा. ती नोंद मागता येते.

ऑक्टोबर २०२१ ची रात्र. चिंगीच्या हिरड्यांवर लाल ठिपके दिसले, नाकातून रक्त आलं. रात्री साडेअकराला आम्ही तातडीच्या दवाखान्यात. प्लेटलेट्स ९,०००. रिसेप्शनवरच्या बाईने आधी विमा आहे का विचारलं, मग म्हणाली की आम्ही या कंपनीकडून थेट पैसे घेत नाही, आता अनामत भरा. आणि मी पहिला प्रश्न विचारला, ‘एकूण किती होतील?’ ती वाचेल का, हे मी विचारलंच नाही. माझी अकरा वर्षांची मुलगी शेजारी उभी होती, चिंगीचा पट्टा हातात धरून. तिने माझ्याकडे बघितलं. आजवर आम्ही दोघी त्यावर बोललो नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, हे दिवसाढवळ्या आधीच विचारून ठेवा: जवळचा रात्रीचा दवाखाना कुठला, तो कोणत्या कंपन्यांकडून परस्पर पैसे घेतो, अनामत किती. मग त्या क्षणी तोंडातून वेगळा प्रश्न येईल.

बिल झालं ३,६४० पौंड. व्हॅट २० टक्के त्यातच. कंपनीने क्लेम नाकारला: २०१६ लाही प्लेटलेट्स कमी, आताही कमी, म्हणजे तोच आजार. फोन केला की दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट, आणि शेवटी ‘आम्ही तुमची भावना समजतो’. ते वाक्य मला अजून ऐकवत नाही. नवरा एकदाही ‘मी सांगितलं होतं’ म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

मग आमच्या व्हेटने सांगितलं, लेखी तक्रार करा. गोचिडांच्या जंतूची पीसीआर चाचणी निगेटिव्ह होती, स्टेरॉइडने प्लेटलेट्स चढल्या, म्हणजे शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्स मारत होतं. आजार वेगळा. तसं पत्र त्यांनी दिलं. पण मधली पाच वर्षं ती पूर्ण बरी होती हे दाखवणार कसं? बाबांच्या वहीच्या शेवटच्या पानाने. ज्या वहीमुळे क्लेम गेला, त्याच वहीने परत आणला. तक्रार विभागातली एक बाई, एकटीच, शेवटपर्यंत तीच, तिने पत्र आणि वही कंपनीच्या व्हेटसमोर ठेवली. एक्सेस आणि वीस टक्के वजा जाऊन २,८३३ पौंड आले. सातवा आठवडा होता. आठ आठवड्यांत कंपनीने अंतिम उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समनकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, फुकट जाता येतं. अंतिम पत्रापासून सहा महिन्यांत. तिथे एखादं कलम लागू होतं हे दाखवायची जबाबदारी कंपनीवर असते.

ग्राहकसेवा कशी आहे हे तारांकित शेऱ्यांवरून कळत नाही. बरेच शेरे पॉलिसी विकत घेतल्या दिवशीचे असतात, आणि विकताना सगळेच गोड बोलतात. ओम्बड्समनच्या साइटवर कंपनीच्या नावाने निकाल शोधा. निकालांत कंपनीचं नाव असतं, ग्राहकाचं नसतं. ‘आधीपासूनचा आजार’ या मुद्द्यावर ती कंपनी कशी वागते ते चार निकाल वाचले की समजतं. दर सहा महिन्यांनी किती तक्रारी ग्राहकाच्या बाजूने लागल्या तेही तिथे छापतात. पॉलिसीच्या कागदात खाली विमा प्रत्यक्षात कोण देतं ते बघा. सुपरमार्केटचं नाव वर असतं, पैसे देणारी कंपनी खाली वेगळीच. आणि पॉलिसी घेतल्यावर पहिल्या चौदा दिवसांत ती रद्द करता येते, तर त्याच दिवसांत तुमच्या नाशिकच्या डॉक्टरांची फाइल पाठवा आणि लेखी विचारा: यातलं काय काय वगळणार? वगळलेलं किती काळ त्रास झाला नाही तर पुन्हा विचारात घ्याल? काही कंपन्या दोन वर्षांनंतर घेतात. उत्तर किती दिवसांत येतं आणि प्रश्नाचं येतं की छापील येतं, हीच तुमची परीक्षा. आजारासाठी पहिले चौदा दिवस बहुधा संरक्षण नसतंच, हेही ध्यानात असू द्या.

दवाखानाही निवडून घ्या. पाटीवर घरगुती नाव असलं तरी मालक मोठा समूह असू शकतो. २०१३ मध्ये दहातला एक दवाखाना असा होता, आता दहातले सहा आहेत, आणि या धंद्याची औपचारिक सरकारी चौकशी २०२४ मध्ये सुरू झाली, त्यामागे हेही एक कारण होतं. रोजची औषधं असतील तर लेखी प्रिस्क्रिप्शन मागा, बाहेर स्वस्त मिळतात.

तुम्ही मुलाच्या शाळेचं विचारलेलं नाही, तरी सांगते. माझी मुलगी मराठी शाळेत तिसरीत होती, इथे वयाने थेट इयर फोरमध्ये बसवली. खिडकीतून दिसणारी शाळा भरलेली, जागा मिळाली दोन बस बदलून. तिला वीसपर्यंत पाढे तोंडपाठ. इंग्रजी बोलत नाही म्हणून तिला चित्रांच्या कार्डांच्या गटात बसवलं आणि गणितात दोनचा पाढा दिला. मी वर्गशिक्षिकेला सांगायला गेले तेव्हा माझंच इंग्रजी अडकलं. एक अख्खी टर्म ती शाळेत बोलली नाही. डिसेंबरात चिंगी आली. चिंगीला ‘बस’, ‘ये’, ‘नको’, ‘थांब गं’ एवढंच कळायचं. शाळेचं इंग्रजी पुस्तक पोर तिला वाचून दाखवायची आणि मग मराठीत समजावून सांगायची. जानेवारीत शाळेतून फोन आला की आज तिने हात वर केला. तुमचा मुलगा सहाचा आहे, त्याला सोपं जाईल. पण जागेसाठी अर्ज पत्ता हातात आल्या दिवशी करा, आणि गणिताची वही सोबत न्या, दाखवायला.

एकटेपणाचं काय सांगू. कुत्रं असलं की दिवसातून दोनदा बाहेर पडावं लागतं आणि पार्कात लोक कुत्र्याशी बोलतात. पुरतं.

तुम्ही शेवटी लिहिलंय की रक्ताचा नमुना दिल्यावरचे तीन महिने कुत्री सासूबाईंकडे राहील. हे वाचून मी थांबले. चिंगीला मुंबईला कार्गोवर पोचवायला बाबाच गेले होते. फोनवर म्हणाले, पिंजऱ्यात नीट बसली, काळजी करू नको. त्यानंतर ते तळजाईवर गेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणतात. चार महिने रोज चढत होते. मी माझ्या मुलीसाठी कुत्री आणली आणि माझ्या वडिलांकडून नेली, या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या. क्लेमचे पैसे आले तेव्हा मी त्यांना वहीचं सांगितलं. ते म्हणाले, ‘तारखा बरोबर होत्या ना?’

सासूबाईंना लिहायची सवय असेल तर एक वही द्या, नसेल तर फोनवर रोज विचारून तुम्ही लिहा. आणि कुत्री न्यायला गाडी येईल त्या दिवशी आणि नंतरचे काही दिवस त्या घरी एकट्या नसतील, एवढी सोय तिकिटं काढायच्या आधी करून ठेवा.