ऑर्थो घेऊ का ओरल सर्जरी? जिंतूरच्या इंटर्नला उत्तर

तुझं पत्र वाचलं. तू दोन प्रश्न एकात गुंडाळलेत बघ. एक त्या २२ वर्षांच्या पोराचा, खालचा जबडा पुढं आलेला, ऑर्थोवाले (तारा लावून दात सरळ करणारे) म्हणाले खालचे दोन प्रीमोलर (दाढांच्या पुढचे दात) काढून ब्रेसेसवर, म्हणजे तारांवर भागवू, ओरल सर्जरीवाले (तोंड-जबड्याची ऑपरेशनं करणारे) म्हणाले ऑपरेशनच लागतंय, आणि तो दोन्ही ऐकून गावाकडं गेला तो परत आलाच नाही. दुसरा, एमडीएसला (बीडीएसनंतरचं दातांच्या डॉक्टरचं पुढचं शिक्षण) ब्रांच कुठली, कारण पप्पा म्हणतात पोरीला सर्जरी नको.

मी स्वतः सर्जरीवाला, त्यामुळं माझं बोलणं जरा गाळूनच घे.

आधी पेशंट. ब्रेसेसनी दात हलतात, जबडा नाही, आणि या वयात जबड्याची वाढ संपलेली असते. दोन जबड्यांतला फरक थोडा असेल तर खालचे दात आत घेऊन वरखालच्या दातांचा चावा जुळतो, हनुवटी मात्र आहे तिथंच राहते. फरक मोठा असताना ओढूनताणून जुळवलं तर हिरडी आणि मुळांभोवतीच्या हाडावर ताण येतो. ऑपरेशनच्या आधीही बहुतेक वेळा वर्ष-दीड वर्ष ब्रेसेस लागतात, पण त्यात खालचे दात आत न घेता उलट पुढं सरळ करतात, म्हणजे चेहरा आधी अजून वाईट दिसतो (हे पेशंटला कुणी सांगतच नाही आणि मग घरचे भांडायला येतात). म्हणून 'आधी ब्रेसेस लावून बघू, नाही जमलं तर ऑपरेशन' हा मधला रस्ता खरा नाही, दोन्हीत दात विरुद्ध दिशेला जातात, ठरवायचं ते दात काढायच्या आधी. ऑपरेशननंतर खालचा ओठ बधिर राहतो, बहुतेकांचा काही महिन्यांत सुधारतो, काहींचा थोडा राहतोच. आणि जबडा फार मागं नेला की जिभेमागची श्वासाची जागा कमी होते, म्हणून कधी वरचा जबडा पुढं आणणं बरं पडतं. आता मला सांग, त्याला त्रास चावायचा होता का दिसायचा, हे कुणी विचारलं का? सरांची परवानगी घे, केसपेपरवरचा नंबर काढ आणि बोलव त्याला, दोन्ही डिपार्टमेंटला एकाच वेळी बसवून.

आता ब्रांच. या एका केसवरून ठरवू नको, मराठवाड्यात ओरल सर्जरीवाल्याच्या वाट्याला असले जबडे कमीच. येतात ते हेल्मेट न घालता गाडीवरून पडलेले, अक्कलदाढा, आणि २०१२ पासून बंदी असलेला गुटखा खाऊन तोंड न उघडणारे, कॅन्सरचे. तिथंही रोज तुलनाच आहे, सांध्याजवळ जबडा मोडला तर दात तारेनं बांधून भागतं का उघडून प्लेट टाकायची, उघडलं तर चेहऱ्याच्या नसेला धोका, आणि लहान लेकराचं तोंड जास्त दिवस बांधून ठेवलं तर सांधा जाम व्हायची भीती. जिल्ह्याच्या गावात स्वतःचं थिएटर कमी जणांचं, तीन-चार हॉस्पिटलला कॉलवर जावं लागतं, रात्री-बेरात्रीसुद्धा. ऑर्थोत रात्रीचा फोन नाही, पण एकच पेशंट दोन वर्षं दर महिन्याला, त्याचं न घासलेलं तोंड बघत, चिकाटी लागते. तुझ्या पत्रात थिएटरचं वर्णन पानभर आणि ऑर्थोचं दोन ओळी, हे तुझ्या लक्षात आलं का?

पप्पांचं म्हणणं अर्धं सोड. सर्जरीला मनगटापेक्षा अंदाज लागतो आणि कितीतरी बायका ती करतात. रात्री एकटीनं जायचं कसं, हा प्रश्न मात्र खरा, त्यावर त्यांच्याशी नीट बोल.

नीट एमडीएस ही प्रवेश परीक्षा दोन्हीला एकच, म्हणून आत्ता अभ्यास बदलायची गरज नाही. रँक आला की चॉइस भरायच्या आधी त्या-त्या कॉलेजच्या पीजीला (तिथं एमडीएस करणाऱ्यांना) फोन लाव, विशेषतः दुसऱ्या वर्षाच्या, आणि विचार की हातात स्वतः केलेल्या केसेस किती येतात का नुसतं रिट्रॅक्टर (गाल-ओठ बाजूला ओढून धरायचं हत्यार) धरायला लावतात. सर्जरी घेणार असशील तर ॲक्सिडेंट भरपूर येतात असलं सरकारी हॉस्पिटल आधी टाक, बिल्डिंग जुनी का असेना.