तिथीची पाऊणपट

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. क्ष आणि य यांचा तक्ता देऊन ‘नियम लिहा’ म्हटलं की ती अडते. परवा क्ष १, २, ३, ४ आणि य ५, ८, ११, १४ असा तक्ता होता. य तीन-तीनने वाढतो म्हणून तिने य = क्ष + ३ लिहिलं, ते चुकलं. कसं समजावू?
– एक आई, अलिबाग तालुका

उत्तर : ताई, तीन तिला बरोबर दिसला, पण तो चुकीच्या जागी बसला. क्ष एकाने वाढला की य तीनने वाढतो, म्हणून तीनने क्षला गुणायचं : ३क्ष. आता विचारा, क्ष शून्य असता तर य किती? ५ मधून ३ गेले, २ उरले. म्हणून य = ३क्ष + २. चारही किमती घालून ताळा घ्यायला लावा. तिचं क्ष + ३ पहिल्याच ओळीत अडकलं असतं : १ + ३ म्हणजे ४, तक्त्यात आहेत ५.

पुढचा तक्ता मात्र समुद्राकडून घ्या. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं, हे तिला ठाऊक असेलच. आपल्याकडची जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात : तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. वहीत मांडा : क्ष ४, ८, १२ आणि य ३, ६, ९. इथेही य तीननेच वाढतो आणि मुलं हमखास ३क्ष लिहितात. माझ्या वर्गात तर दरवर्षी निम्म्या वह्यांत हेच असायचं. क्ष इथे चारची उडी घेतो, तेव्हा तीनला चारने भागायला हवं : य = ३/४ क्ष. यमधला फरक भागिले क्षमधला फरक, एवढं तिच्याकडून पक्कं करून घ्या.

ओहोटी भरतीनंतर साधारण सहा तासांनी लागते. त्याच तिथींना य होतो ९, १२, १५ (१५ म्हणजे दुपारचे तीन). गुणक तोच, पाऊण. पण क्ष शून्य, म्हणजे अमावास्या, तिथे य आहे ६. नियम : य = ३/४ क्ष + ६. अमावास्येला सकाळी सहाच्या सुमारास पाणी पार आत गेलेलं तिने पाहिलं असेल, तर तो ‘अधिक ६’ कुठून आला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आता पौर्णिमा घ्या. १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, पण भरती अमावास्येसारखीच बाराच्या आसपास येते. पंधरा तिथींत वेळ बारा तासांनी सरकते, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. पाऊण तासात ४५च बसतात. पाऊणकी पाठ असलेल्याला तोंडी हिशेबासाठी पाऊणपट सोयीची, पण वहीत ४/५ क्ष जास्त जवळ जातं. म्हणून ताळा शेवटच्या ओळीपर्यंत न्यायचा. (आणि किल्ल्यात जाताना वेळ तिथल्या माणसांना विचारूनच निघा.)

फरक सारखाच येत नसेल, उदाहरणार्थ १, ४, ९, १६, तर हा रस्ता सोडून वर्गसंख्या तपासा.

येत्या प्रतिपदेपासून तिला रोज एका भरतीची वेळ लिहू द्या, घड्याळात बघून. पंधरा ओळी झाल्या की गुणक तिचा तिलाच काढू द्या.