आधी डॉक्टर, मग हैदराबाद

प्रश्न (पत्र थोडक्यात) : माझ्या मुलीला दहावीला ८८ टक्के मिळाले. आठ वर्षांची असल्यापासून बॅडमिंटन खेळते. जिल्ह्यात पहिली येते, यंदा १७ वर्षांखालील राज्य स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत हरली. ह्यांचं म्हणणं, आता कॉलेज वगैरे पुरे. बेसा रोडचा प्लॉट विकू, तिला हैदराबादच्या अकादमीत टाकू, मी सोबत राहायचं. अकरावीला सायन्स घ्यावं, आर्ट्स घ्यावं की प्रवेशच घेऊ नये? पोरगी मेहनती आहे. भात-गोड बंद करून वजन ४६ वर आणलंय. चार महिने पाळी आलेली नाही, पण कोच म्हणतात, खेळणाऱ्या मुलींचं असंच असतं. नडगी तेवढी दुखते.
– एक आई, मनीषनगर, नागपूर

ताई, सायन्स-आर्ट्सचं नंतर बघू. तुमच्या चार पानी पत्रात राज्य स्पर्धेतल्या प्रत्येक गेमचा स्कोअर आहे, प्लॉटला येणारा भाव आहे, हैदराबादच्या भाड्याचा अंदाजही आहे. पाळीचा उल्लेख तिसऱ्या पानावर, रॅकेटला तार भरण्याच्या (गटिंगच्या) खर्चाखाली, दीड ओळीत. मी तिथेच थांबले.

कोच काय म्हणाले ते बाजूला ठेवा. पाळी थांबली म्हणजे सराव अंगी लागतोय, हा समज मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय आणि तो साफ चुकीचा आहे. मुलगी जेवढं खर्च करते तेवढं पोटात जात नसेल तर शरीर काटकसर करतं, आणि पहिली कात्री पाळीवर चालवतं. अशी पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी झालेलं असतं, आणि त्याच्याशिवाय हाडं भरत नाहीत. हाडं भरायचं वय तर हेच, विशीच्या आतलं. अशा मुलीच्या हाडाला उड्या मारून मारून बारीक चीर जाऊ शकते, ती बहुतेकदा नडगीत किंवा पावलात. सुरुवातीला ती एक्स-रेत दिसतेच असं नाही, एमआरआय करावा लागतो. ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या त्रासाला स्वतंत्र नाव देऊन जगभरच्या संघांना सावध केलं होतं. थायरॉइड, पीसीओडी अशी दुसरी कारणंही असू शकतात, ती डॉक्टर तपासतील. सलग तीन महिने पाळी चुकली की दाखवायचं, असा साधा नियम आहे. तुमचे चार झालेत, वर नडगी.

तेव्हा या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आणि हाडांचे डॉक्टर. ते हो म्हणेपर्यंत उड्या बंद, स्मॅश बंद. कोच नाराज झाले तर होऊ द्या.

तुमच्या मिस्टरांबद्दल मला राग नाही, हे आधी सांगते. नागपूरच्या कोरड्या उन्हात शटलची पिसं तुटतात म्हणून ते रात्री जागून डब्यांना वाफ देतात, हे तुम्ही लिहिलंय. बाप हौशी आहे, जीव लावणारा आहे. पण तोच माणूस तिच्या ताटातल्या पोळ्या मोजतो. मे महिन्यात हॉलमध्ये ना पंखा ना कूलर, शटल वाऱ्यावर जातं म्हणून. त्या भट्टीत पोरगी तीन-तीन तास घाम गाळते आणि घरी येऊन दोन पोळ्या खाते. रविवारी सरावानंतर सगळी मुलं तर्री पोहे खातात, ही उकडलेलं अंडं घेऊन बाजूला उभी असते. हे तुम्ही शिस्तीचं उदाहरण म्हणून लिहिलंत. मला पुढे वाचवेना. आणि अमरावतीला हरल्यावर परतीच्या वाटेवर कोंढाळीला जेवायलासुद्धा गाडी थांबली नाही, तीन तास कोणी बोललं नाही, ही कसली शिक्षा? कोणाला?

आता हैदराबाद. स्पष्ट लिहिते. होशियारपूरची तन्वी शर्मा २०२५ मध्ये अमेरिकन ओपन बॅडमिंटनच्या अंतिम फेरीत पोहोचली तेव्हा सोळा वर्षांची होती. त्या रांगेत तुमची मुलगी आज नाही. पण म्हणून दार बंद झालेलं नाही. आपल्या नागपूरच्या मालविका बनसोडने जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपनमध्ये सायना नेहवालला हरवलं ते विसाव्या वर्षी, आणि तिनं शिक्षण सोडलं नव्हतं. म्हणजे घाई तुमच्या घरात आहे, खेळात नाही. शिवाय खर्च अकादमीच्या फीवर थांबत नाही. जागतिक क्रमवारीत ५२ आठवड्यांतल्या सर्वोत्तम दहा स्पर्धांचे गुण धरतात. ते मिळवायला देशोदेशी फिरावं लागतं, विमान-हॉटेल बहुतेकींचं घरूनच, आणि छोट्या स्पर्धांत पहिल्या फेरीत हरलं की हातात काही पडत नाही. प्रायोजक नाव झाल्यावर येतात, आधी नाही. राज्यात पदक नसताना घरची एकुलती जमीन त्यावर लावू नका.

अकरावीला प्रवेश घ्या. आर्ट्स घेतलं तरी माझी हरकत नाही, तिला विषय आवडले पाहिजेत. सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण हवं असेल तर पदक लागतं, उपांत्यपूर्व फेरीच्या प्रमाणपत्रावर भागत नाही. सराव मानकापूरच्या क्रीडा संकुलात किंवा आता जिथे आहे तिथेच चालू द्या, डॉक्टर परवानगी देतील तेव्हा. दोन वर्षांनी १९ वर्षांखालच्या गटात राज्यात पहिल्या दोघी-तिघींत आली तर हैदराबादचा विषय पुन्हा काढा, तोवर नाही.

डॉक्टरांकडे जाताना मिस्टरांनी ठेवलेली वजनाची वही बरोबर न्या, तारखांसकट. घरातला काटा महिनाभर तुमच्या भावाकडे ठेवा. आणि तपासताना डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलायचं म्हणाले, तर तुम्ही दोघंही मुकाट बाहेर बाकावर बसा.