नेवाडात हिवाळ्यात भरपूर बर्फ पडला, तर उन्हाळ्यात वणव्याचा धोका कमी होतो का?

नाही, खालच्या वाळवंटी खोऱ्यांत तो उलट वाढतो. तिथे एरवी झुडपांमध्ये उघडी जमीन असते आणि आग पसरायला काही मिळत नाही. ओल्या हिवाळ्यानंतर मात्र चीटग्रास हे युरेशियातून आलेलं गवत ती मोकळी जागा भरून काढतं. ते शरद ऋतूत रुजतं, वसंतात झपाट्याने वाढतं आणि जूनच्या सुमारास वाळून कोळ होतं. मग एक ठिणगी पुरते. शिवाय वाळलेलं गवत पुढच्या वर्षापर्यंत टिकतं, म्हणून फक्त यंदाचा हिवाळा पाहून अंदाज बांधू नका. २०१६-१७चा हिवाळा अतिशय ओला होता. जुलै २०१८मध्ये उत्तर नेवाडात मार्टिन वणव्याने सुमारे ४ लाख ३५ हजार एकर जाळले, त्यात साचलेल्या गवताचा मोठा वाटा होता. मला जास्त काळजी सेजब्रश या तिथल्या झुडपाची वाटते. त्याची ‘बिग सेजब्रश’ ही जात जळाली की मुळापासून पुन्हा फुटत नाही, त्याची जागाही हेच गवत घेतं आणि पुढची आग लवकर लागते.

उंच डोंगरांवरच्या जंगलात गणित वेगळं आहे. तिथे बर्फ उशिरा वितळला की लाकूड ओलं राहतं आणि वणव्याचा हंगाम उशिरा सुरू होतो.