बोटीच्या टॉयलेटचा पंप अडकलाय? आधी बटण सोडा

घाबरू नका, हे सुटण्यासारखं काम आहे. बटण दाबल्यावर मोटर नुसती घूं घूं करते आणि पाणी हलत नाही, म्हणजे आत काहीतरी अडकलंय. आवाजच नसेल तर आधी फ्यूज बघा. नवखे लोक चुकतात ते इथे: सुटेल म्हणून बटण दाबत राहतात आणि मोटर जाळून बसतात.

हात लावण्याआधी:
- ब्रेकर बंद.
- समुद्राकडचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. हे विसरून पाइप काढलात तर बोटीत पाणी शिरेल.
- हातमोजे, बादली, जुनी फडकी.

बऱ्याच पंपांत मोटरच्या मागच्या टोकाला, शाफ्टवर (फिरणाऱ्या दांड्यावर) खाच असते. स्क्रूड्रायव्हरने हळूहळू फिरवा. बोट बरेच दिवस उभी असेल तर रबरी इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) चिकटलेला असतो, तो पुष्कळदा एवढ्यानेच सुटतो. नाहीच सुटला तर खोला. पात्यांभोवती केसांचा किंवा वाइप्सचा घट्ट पिळा दिसेल. ओढू नका, कापून काढा.

ड्रेन क्लीनर मात्र ओतू नका, रबर खराब होतं. चालवून बघण्याआधी दोन्ही व्हॉल्व्ह उघडा, पंप कोरडा फिरू देऊ नका. इम्पेलर बदलायचं नंतर बघू.