बॅटमॅन एवढा चिडका कधीपासून झाला?

प्रश्न: मी पन्नाशीचा. लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आणि मँड्रेक म्हणजे जीव की प्राण, रद्दीवाल्याकडे बसून अंक शोधायचो. परवा मुलाने बॅटमॅनचं एक जाडजूड कॉमिक हातात दिलं, तर त्यात नुसता काळोख, पाऊस, रक्त आणि म्हातारा, चिडका बॅटमॅन. अर्ध्यात ठेवलं. मुलगा म्हणतो, बाबा तुम्ही म्हातारे झालात. कॉमिक्स बिघडली की मी? आणि आता साधं गोड काही मिळतच नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: अहो, अर्ध्यात ठेवलंत तर काय बिघडलं! तुम्ही सांगताय त्यावरून ते फ्रँक मिलरचं १९८६ चं ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ असणार, त्यातला बॅटमॅन ५५ वर्षांचा, रिटायर झालेला, म्हणजे तुमच्याच बरोबरीचा की हो.

पण आधी सगळं गोड होतं आणि मग कोणीतरी बिघडवलं, असंही नाहीये. १९३९ च्या पहिल्याच गोष्टीत बॅटमॅन एका गुंडाला ठोसा मारून अ‍ॅसिडच्या टाकीत पाडतो आणि वर म्हणतो की असल्यांचा शेवट असाच व्हायचा! हळहळ वगैरे काही नाही. पुढच्या वर्षी त्याचा पोरगेला साथीदार रॉबिन आला, संपादकांनी बॅटमॅनचं पिस्तूल काढून घेतलं, आणि मग १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्समुळे पोरं बिघडतात म्हणून इतका गदारोळ झाला की प्रकाशकांनी स्वतःच कॉमिक्स कोड नावाची नियमावली आणली. मुखपृष्ठावर कोपऱ्यात त्याचा शिक्का असायचा, तो नसेल तर बरेच विक्रेते अंक ठेवायचेच नाहीत. चांगल्याचाच विजय झाला पाहिजे, पोलिसांची, न्यायाधीशांची टिंगल नको, भुतंखेतं नकोत. आपण ज्याला निरागस काळ म्हणतो ना, तो बराचसा या शिक्क्याने घडवलेला. आपला वेताळसुद्धा थोडा धुऊनपुसूनच यायचा, त्याच्या जंगलाचं मूळ नाव बंगालची आठवण करून देणारं, आपल्याकडे छापताना त्याचं डेंकाली झालं.

शिक्क्याला पहिला मोठा धक्का स्पायडरमॅनने दिला. १९७१ मध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्यानेच स्पायडरमॅनचे लेखक स्टॅन ली यांना ड्रग्जविरोधी गोष्ट लिहा म्हणून सांगितलं, कोडवाल्यांनी नाही म्हटलं, तर त्यांच्या मार्व्हल कंपनीने ते अंक बिनशिक्क्याचेच काढले. आणि माझ्या मते सूर खरा बदलला तो १९७३ मध्ये. स्पायडरमॅनची प्रेयसी ग्वेन पुलावरून पडते, तो जाळं फेकतो, तिचा पाय बरोबर पकडतो, वाचवलं म्हणून स्वतःवर खूशही होतो. पण चित्रात तिच्या मानेजवळ अगदी बारीक अक्षरात ‘स्नॅप’ छापलंय. पहिल्या वाचनात सुटतं ते. मी मागे जाऊन बघितलं आणि पोटात गोळाच आला. ती पडण्याने मेली की त्याच्या जाळ्याच्या झटक्याने, यावर लोक अजून भांडतात. रक्ताचा एक थेंब नाही बरं का त्या चौकटीत.

मिलरच्या मागून आलेल्या बऱ्याच जणांना हे काही कळलंच नाही. त्यांनी पाऊस घेतला, दात-ओठ खाणं घेतलं, गोष्ट घ्यायची राहिली. नव्वदच्या दशकातली ती कॉमिक्स मलाही वाचवत नाहीत, तेव्हा तुमची चिडचिड अगदीच चुकीची नाही.

राहिलं ‘साधं गोड’. मुलाला ‘ऑल-स्टार सुपरमॅन’ आणायला सांगा, ग्रँट मॉरिसनने लिहिलंय, चित्रं फ्रँक क्वाइटलीची. त्याच्या दहाव्या भागात एक पान आहे, एक मुलगी उंच इमारतीच्या कठड्यावर उभी, मागून सुपरमॅन येतो आणि हळूच सांगतो की तुझ्या डॉक्टरांना खरंच उशीर झालाय, आणि तू समजतेस त्यापेक्षा खूप खंबीर आहेस. मग मिठी. मारामारी नाही काही नाही, एका पानात संपतं. हे २००५ नंतरचं आहे, म्हणजे गोडवा कुठे गेला नाहीये, फक्त आता तो कोणी सक्तीने घालत नाही.

आणि घरात जुना इंद्रजाल उरला असेल तर मुलाच्या हातात द्या. अर्ध्यात ठेवेल कदाचित, तर ठेवू द्या, तुम्ही नाही का ठेवलंत!