'बॉर्डरलाइन': नेमकं कशाच्या सीमेवर?

विचारणा अशी आहे: "पुतणीच्या कागदांवर डॉक्टरांनी 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर' लिहिलंय. मराठीत शोधलं तर 'सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकृती' मिळालं. म्हणजे आजार अजून पुरता झालेला नाही, असं धरायचं का? घरातली मोठी माणसं म्हणतात, आजारबिजार काही नाही, तिचा स्वभावच तसा आहे."

पहिल्या शंकेचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. 'शुगर बॉर्डरवर आहे', 'गणितात बॉर्डरवर सुटला' ही आपली रोजची भाषा. तिच्यात बॉर्डर म्हणजे थोडक्यात वाचणं. निदानातली बॉर्डर मात्र भलतीच आहे. 1938 साली न्यूयॉर्कचे मनोविश्लेषक अ‍ॅडॉल्फ स्टर्न यांनी अशा रुग्णांबद्दल लिहिलं, जे त्या काळच्या दोन मोठ्या कप्प्यांपैकी कशातच नीट बसत नव्हते. जुन्या मराठी पाठ्यपुस्तकांत या कप्प्यांना मज्जाविकृती आणि चित्तविकृती म्हणत. पहिल्यात माणूस चिंतेने पोखरला जातो पण वास्तवाचं भान शाबूत असतं, दुसऱ्यात ते भान सुटतं. या दोहोंमधली ती सीमा. 1980 मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेने हे निदान अधिकृत केलं. पुढे सीमेची कल्पना मागे पडली, नाव मात्र चिकटून राहिलं.

आता मराठी प्रतिशब्द. 'सीमावर्ती' ऐकलं की मराठी माणसाला बेळगाव, कारवार, निपाणी आठवतं, मन आठवत नाही. 'विकृती' तर मी वापरूच नये म्हणेन. आयुर्वेदात प्रकृती आणि विकृती ही निरुपद्रवी जोडी होती. जे मूळच्या घडणीपासून ढळलं ते विकृत, इतकंच. पण आज हा शब्द बातम्यांत गुन्हेगारांसाठी खर्ची पडतो, आणि तो कुणा मुलीच्या नावापुढे लागला की पुढचं काही समजावून सांगायची सोय उरत नाही. 'विकार' बरा. (आणि 'व्यक्तिमत्त्व' दोन त घालूनच लिहा, जोडाक्षर अवघड दिसलं तरी.)

नुसतं वर्णन करून नाव पाडावं तर तेही जमत नाही. पुस्तिकेत 9 लक्षणं आहेत: सोडून जातील ही भीती, माणसाला आज डोक्यावर घेणं आणि उद्या पायदळी तुडवणं, मी कोण याचा घोळ, स्वतःला इजा करणं, आतला रितेपणा, न आवरणारा राग वगैरे. त्यांतली 5 असली तरी निदान होतं. म्हणजे हेच निदान असलेल्या दोघांत एखादंच लक्षण सामाईक असू शकतं! म्हणून माझं मत: नाव 'बॉर्डरलाइन'च राहू द्या आणि खाली दोन ओळी मराठीत समजावून लिहा.

घरातल्या मोठ्यांचं म्हणणं मात्र उडवून लावण्यासारखं नाही. स्वभाव यात आहेच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी 1993 मध्ये जी मांडणी केली, तिच्यात तीन गोष्टी येतात: भावना पटकन जागी होते, जोरात येते आणि उशिरा निवते. पहिलीला आपण हळवेपणा म्हणतो, दुसरीला तापटपणा, तिसरीला 'मनाला लावून घेणं'. तिन्ही आपापल्या जागी साधे स्वभावविशेष आहेत. पण असं मूल ज्या घरात रोज 'एवढं काय झालं रडायला?', 'नाटकं पुरे' हेच ऐकतं, तिथे त्याला स्वतःच्या भावनेवर विश्वास ठेवायला शिकता येत नाही. ती समजून घेतली जावी म्हणून मग ती आणखी मोठ्याने दाखवावी लागते. स्वभाव आणि माणसं एकमेकांना वाढवत नेतात. दोष एकट्या आईबापांचा नाही, हेही लिनेहन यांच्या मांडणीतच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तर व्यक्तिमत्त्वविकारांचे जुने प्रकारच गेले. आधी त्रास किती तीव्र ते पाहायचं, मग स्वभावाचा कल कुठे ते नोंदवायचं. 'बॉर्डरलाइन' तिथे फक्त एक जोडटीप म्हणून उरलं आहे. तेव्हा 'स्वभाव की आजार' हा प्रश्नच थोडा चुकीचा बेतलेला आहे. त्या स्वभावामुळे जगणं आणि नाती किती मोडतात, यावर निदान ठरतं.

"एकटी असते तेव्हा ठीक असते, आम्ही दिसलो की सुरू होतं", अशी तक्रार अशा घरांत असते. त्यावरून लोक नाटकाचा निष्कर्ष काढतात. पण लक्षणं संपर्कातच उफाळतात, हाच या विकाराचा गाभा. संगणकावर चेंडू टाकाटाकीचा एक प्रयोग आहे. त्यात चेंडू सगळ्यांइतकाच वाट्याला आला, तरी बॉर्डरलाइन असलेल्यांना आपल्याला वगळलं जातंय असं इतरांपेक्षा जास्त वाटलं. मेसेजला उशिरा आलेलं उत्तर अशा मनाला कसं लागेल, ते यावरून कळावं. मूडही याच कारणांनी आणि बहुधा काही तासांतच पालटतो. बायपोलरमध्ये, म्हणजे अतिउत्साह आणि नैराश्य आलटूनपालटून येणाऱ्या आजारात, तो दिवस, आठवडे टिकतो. दोन्ही नावं 'बी'ने सुरू होतात म्हणून नातेवाइकांत सर्रास गोंधळ होतो, तेव्हा हा फरक सांगून ठेवा.

'स्वभावाला औषध नाही' ही म्हण इथे अर्धी खरी ठरते. या विकारासाठी म्हणून खास मान्यता मिळालेली गोळी नाही. संवादातून होणारे उपचार आहेत आणि ते लागू पडतात. अमेरिकेत रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा बहुसंख्यांची लक्षणं 10 वर्षांत निदानाच्या खाली आली. स्वतःला इजा करणं आधी ओसरतं. राग, रितेपणा, टाकून देतील ही धास्ती, म्हणजे स्वभावाला जवळचं जे जे, ते जास्त रेंगाळतं.

राहिला वाक्यात वापरायचा प्रश्न. मराठीत आजार 'ला' लावून येतो: तिला दमा आहे, त्याला मधुमेह आहे. तसंच 'तिला बॉर्डरलाइन आहे' म्हणा. 'ती बॉर्डरलाइन आहे' हे इंग्रजी वळण आहे, आणि ऐकणारा त्याचा अर्थ पुन्हा 'काठावर पास' असाच लावेल.